लोखंडी दिवाण आणि पांढरा संगमरवर

आमच्या नव्या घरासाठी संगमरवर निवडायला आम्ही तिघं गेलो होतो, आणि तिघांत जिला फरशीतलं खरोखर काही कळत होतं तिचं कोणी ऐकलं नाही. ती माझी आई. न ऐकणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू काही चांगली नाही.

बाबा भिलाईच्या प्लांटमध्ये कारकून होते. भंडाऱ्याकडून नोकरीसाठी आलेले, आणि मग इथलेच झालेले. मी त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा एकतीस वर्षांची, लग्न न झालेली, एका हिंदी शाळेत विज्ञान शिकवणारी. बाबांची निवृत्ती जवळ आली तसं सेक्टरमधलं क्वार्टर सोडणं भाग होतं, म्हणून नेहरू नगरला प्लॉट घेतला आणि घर उभं राहू लागलं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. प्लांटमधून निवृत्त होणारा प्रत्येक जण तेव्हा कुठे ना कुठे विटा उतरवून घेत होता.

क्वार्टरची फरशी साध्या सिमेंटची होती. पण ती फरशी म्हणजे आईचं राज्य होतं. तिकडे रोज सकाळी खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर प्लांटची तांबडी धूळ बसलेली असायची. आई दिवसातून तीनदा पुसायची. पाण्यात रॉकेलचे चार थेंब टाकायची आणि आठवड्यातून एकदा नारळाची शेंडी घेऊन गुडघ्यांवर बसून सगळं घर घासायची. पंचवीस वर्षांत ते सिमेंट असं काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं, की शेजारच्या बाया मुद्दाम बघायला यायच्या.

आई चौथी शिकलेली. बाबा मॅट्रिक, आणि त्याचा त्यांना भारी तोरा. "अडाणी" हा शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जायचा. रेडिओचं बटण उलटं फिरवलं, अडाणी. पत्र पेटीत टाकायचं विसरली, अडाणी. फक्त फरशीच्या बाबतीत बाबांनी तिला कधी अडाणी म्हटलं नाही. पाहुणे आले की तेच म्हणायचे, "आमच्या हिच्या फरशीत पाहून भांग पाडा, आरसा कायले पाह्यजे." आई मग पदर तोंडाला लावून आत निघून जायची. त्या घरात तिला मान मिळायचा तो एवढाच, आणि तो तिला किती हवा असायचा हे मी रोज बघत होते.

बाबांच्या मनात मात्र पांढरा संगमरवर बसला होता. त्यांच्या खात्याच्या साहेबांनी नेहरू नगरलाच स्वतःचा बंगला बांधला होता. सुट्टीच्या दिवशी सह्या घ्यायला बाबा तिथे जायचे, चपला बाहेर काढायचे आणि साहेब येईपर्यंत हॉलमध्ये उभे राहायचे. बसा असं कोणी म्हणत नसे. खाली पांढराशुभ्र मार्बल. "पायाले असा गार लागते, का डोकं शांत होऊन जाते," असं ते घरी येऊन सांगायचे. आपल्या हॉलमध्ये तोच घालायचा आणि एक दिवस साहेबांना चहाला बोलवायचं, हे त्यांनी पाया खणायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

सुपेल्याच्या पुढे हायवेच्या कडेला एका मारवाडी व्यापाऱ्याचं दगडांचं आवार होतं. लाकडी घोड्यांना टेकून मोठमोठ्या लाद्या उभ्या केलेल्या, मध्ये पाण्याची टाकी, आणि टिनाच्या छपराखाली त्याची गादी. बाबांनी गेल्या गेल्या पांढऱ्याचं नाव काढलं. तो माणूस हसला. "पत्थर की बात बाद में, बाबूजी. पहले ये बताइए, घर में सामान कैसा है?"

आणि त्याने आम्हाला एक जाडजूड अल्बम दाखवला. मासिकांतले आणि कुठल्या कुठल्या बंगल्यांचे फोटो चिकटवलेले. त्याचं म्हणणं असं, की दगड एकटा निवडायचा नसतो. जड नक्षीचं शिसवी फर्निचर असेल, जुन्या हवेलीसारखा थाट असेल, तर जैसलमेरचा पिवळा घ्या, त्यावर लाकूड खुलतं. बुटके सोफे, काचेचं टेबल, रिकाम्या भिंती असा मॉडर्न घाट असेल तर राखाडी रेघांचा पांढरा, कडेला काळी पट्टी. देवघराला हिरवा. गुलाबी त्याने "नए पैसेवालों" साठी राखून ठेवला होता आणि तसं म्हणताना डोळा मिचकावला. साध्या, वापरत्या घराला कटनीचा तपकिरी. मी त्या अल्बममध्ये हरवून गेले. मॉडर्न घाटाच्या फोटोत एक बाई पांढऱ्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि तिच्या हातात पुस्तक होतं. मला ती बाई व्हायचं होतं. इतकं साधं कारण होतं माझ्या मताला.

आई अल्बमजवळ आलीच नाही. ती लाद्यांमधून फिरत होती. टाकीत पदराचं टोक बुडवून ती प्रत्येक दगडाचा एक कोपरा ओला करून बघत होती, तळवा फिरवत होती, मग नख. व्यापाऱ्याचं लक्ष गेलं. "बहनजी को पहचान है," तो म्हणाला. आईने धीर करून तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "भाईसाब, इसको लोहे का दाग लगता क्या?"

तो एकदम गंभीर झाला. "लगता है. और लग गया तो जाता नहीं. घर में लोहे का सामान है तो सफेद मत लीजिए. कटनी लीजिए, धूल भी नहीं दिखेगी."

आमच्या घरात लोखंडाशिवाय होतंच काय? टाउनशिपमधल्या सगळ्याच घरांत तसंच होतं. सुपेल्याच्या वेल्डिंगवाल्याकडून अँगल जोडून घ्यायचे, वर फळी टाकायची, झाला दिवाण. रॅक तसाच, जेवायचं टेबल तसंच, देव्हाऱ्याचा स्टँडसुद्धा तसाच. आई काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "लोहा किधर है हमारे घर में? सब सागवान है." व्यापाऱ्याने एकदा आईकडे पाहिलं आणि पांढऱ्या लादीचं माप घ्यायला उठला. बाबा माझ्याकडे वळले. मी म्हटलं, पांढराच छान दिसेल, काळी पट्टी घालून.

बाहेर रिक्षा बघत उभे असताना बाबा तिच्यावर घसरले. "अडाण्यासारखी कावून बोलून राहिली होती तिथं? चार लोकांत इज्जत काढते माणसाची." फरशीच्या बाबतीत तिला अडाणी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आई म्हणाली, "मी तं फक्त विचारलं." मी रिक्षाला हात करत राहिले.

हॉलला पांढरा आणि मागच्या खोल्यांना, स्वयंपाकघराला साधा कोटा असं ठरलं. घासाईचं काम तीन आठवडे चाललं. आई रोज दुपारी मिस्त्रीसाठी ताक घेऊन जायची आणि उंबऱ्यावर बसून बघायची. मशीनखाली घासायच्या दगडाची कुठल्या नंबरची बट्टी आधी, कुठली नंतर, पाणी किती, सगळं. शेवटच्या दिवशी मिस्त्रीने एक पांढरी पावडर टाकली आणि गोणपाटाने दाबून घासायला लागला. आईने विचारलं तर म्हणाला, "एसिड है, माताजी. इसी से शीशा बनेगा." आणि खरंच, त्या घासण्याने दगड उजळला. आईने ते मनात नोंदवून ठेवलं. ती पुस्तकातून काही शिकत नव्हती. जे शिकली ते असंच, कोणाच्या तरी हाताकडे बघून.

उन्हाळ्यात राहायला गेलो. क्वार्टरमधला दिवाण हॉलमध्ये आला, दुसरं होतं काय? आई त्याच्या सहा पायांखाली कापडाच्या चिंध्या घालायची, बाबा त्या काढून टाकायचे, कारण वाईट दिसतात. पाऊस सुरू झाला, घर ओलसर झालं. सप्टेंबरात बाबांनी साहेबांना रविवारच्या चहाला बोलावलं आणि शुक्रवारी वेताचा सोफासेट आणला. दिवाण मागच्या खोलीत हलवला, तेव्हा त्याच्या जागी फरशीवर गंजाची सहा तांबडी वर्तुळं होती.

बाबा खाली बसले. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "रविवारी साहेब येऊन राहिले."

आईने लगेच कामाला हात घातला. शुक्रवारी संध्याकाळी साबण, सोडा, रॉकेल, नारळाची शेंडी. वर्तुळं हलली नाहीत. शनिवारी सकाळी ती पुन्हा बसली. बाबा तिच्याशी बोलत नव्हते. मला दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाचणीचे पेपर तपासत होते. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात ॲसिडची बाटली होती. सायकलवरून फिनाइल आणि ॲसिड विकणारा माणूस महिन्याला यायचा, मोरी आणि संडास धुवायला ते सगळ्या घरांत असायचं.

"बाई," आई म्हणाली, "मिस्त्रीनं बी शेवटी ॲसिडच लावलं होतं नं? हे टाकू का वं? तू तं शिकवते हे सारं."

मी मान वर केली नाही. "टाक नं," मी म्हटलं. "थोडं पाणी मिसळ फक्त."

दरवर्षी जुलैत मी आठवीच्या वर्गासमोर परीक्षानळीत संगमरवराचे तुकडे टाकायची, वर पाणी मिसळलेलं ॲसिड ओतायची आणि मुलांना विचारायची, बुडबुडे का येतात? दगड विरघळतो म्हणून, हे उत्तर मीच फळ्यावर लिहून द्यायची. त्या वर्षीही लिहून दिलं होतं, दोनच महिन्यांपूर्वी. मिस्त्रीची पावडर वेगळी आणि हे ॲसिड वेगळं, एवढं कळायला मला मान वर करून अर्धं मिनिट विचार करावा लागला असता. मी तेवढासुद्धा केला नाही. ते ज्ञान शाळेतलं होतं, आणि आई विचारत होती ती घरातली गोष्ट होती. माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी कधी शेजारी बसल्याच नव्हत्या.

फसफस ऐकू आली. आई खोकत होती, पण आवाजात आनंद होता. "निंगून राहिलं, पाय. कसा मळ वर येऊन राहिला."

तेव्हा मी उठले. धावलेच. पण तोवर तिने सहाही वर्तुळांवर ओतलं होतं, आणि उताराने एक ओघळ दारापर्यंत गेला होता. मी बादलीभर पाणी ओतलं. पाणी ओसरलं तेव्हा खाली सहा मोठे डाग होते, खडूसारखे मेलेले, हाताला खरबरीत. ओघळाची लांब रेघ होती. आणि गंज बराचसा तिथेच होता.

बाबा मागच्या दारातून आत आले. त्यांनी फरशी पाहिली, बाटली पाहिली, आईला पाहिलं. ते ओरडले नाहीत. "अडाणी ते अडाणीच राहिली तू," एवढंच म्हणाले, अगदी थकून.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा, आणि लगेच नजर काढून घेतली, जणू चुकून पडली असावी. मला बोलायचं होतं. पण मी म्हटलं ते वेगळंच. मी म्हटलं, "उद्या सतरंजी टाकून देऊ वरून."

रविवारी साहेब आले. बूट न काढता आत आले आणि बसले. बाबा त्यांच्या दारात चपला काढून उभे राहायचे ते मला आठवलं, बाबांनाही आठवलं असणार. साहेबांनी फरशीकडे पाहिलंच नाही. भजी खाल्ली, चहा प्याला, मुलाच्या परदेशातल्या नोकरीबद्दल बोलले. बाबांना राहवेना. शेवटी त्यांनीच सतरंजीचं एक टोक उचललं, "सर, आपने देखा नहीं, हमने भी सफेद ही लगाया." टोक थोडं जास्तच उचललं गेलं, आणि त्याखालचा डाग साहेबांना दिसला.

"ये क्या हुआ?"

बाबा हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. "हमारी मिसेस गाँव की हैं न, सर. मार्बल को संडास समझ के एसिड डाल दिया."

साहेब मोठ्याने हसले. आई तिथेच होती, हातात भज्यांची बशी. साहेब मग माझ्याकडे वळले. "बेटी, तुम तो साइंस पढ़ाती हो. मम्मी को बताया नहीं?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "उसको मालूम नहीं था, साब. वो स्कूल गई थी."

आई कधी खोटं बोलत नसे. तिला ते जमतही नसे, लगेच पकडली जायची. पण हे ती एका दमात बोलून गेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. हो म्हणून.

नंतर गंमत अशी झाली, की फरशी सहज सुधारली. बाबांनी त्याच मिस्त्रीला बोलावलं, त्याने मशीन लावून वरचा थर काढला, पुन्हा बट्ट्या फिरवल्या, पुन्हा ती पावडर घासली. दहा दिवसांत हॉल पहिल्यासारखा झाला. गंजाची किंचित पिवळट झाक राहिली, ती सांगितल्याशिवाय दिसत नसे. "वो एसिड अलग होता है, माताजी," मिस्त्री जाताना म्हणाला, आणि आईने शिकणाऱ्या मुलीसारखी मान डोलावली.

पण बाबांनी तेवढ्या दिवसांपुरती झाडूपोछ्याला एक बाई लावली होती, ती तशीच ठेवली. आईने एकदा विचारलं, "आता मी पुसू का हॉल?" बाबा पेपर वाचत होते. "राहू दे तू," ते म्हणाले. पुन्हा तिने विचारलं नाही. त्यानंतर ती हॉलमध्ये जवळजवळ आलीच नाही. पुढच्या दारात कोणी आलं तर ती मागून निघून घराच्या बाजूच्या बोळातून पुढे यायची. पाहुणे तिला आत बोलवायचे, ती दारात उभ्या उभ्या बोलायची. मागच्या खोलीत कोट्यावर तोच लोखंडी दिवाण होता, त्यावर बसून राहायची. त्या खोलीची फरशीसुद्धा ती पुसत नसे. कामवाली पुसून गेली की कोपऱ्यात राहिलेली धूळ तिला दिसायची, मला कळायचं की दिसते आहे, पण ती बोलायची नाही. आणि बाबा पाहुण्यांना तो किस्सा सांगत राहिले. संडास समझ के. दर वेळी हशा व्हायचा. मी तिथे असले तर चहाचे कप उचलून आत जायची.

सांगायला मला सहा वर्षं होती. सहा वर्षांत मी वर्गात सहा वेळा तो प्रयोग केला. दर वेळी ठरवायची, आज घरी गेल्यावर सांगीन. घरी आई भाजी निवडत बसलेली असायची, विचारायची, "थकली का वं?" आणि मी म्हणायची, हो.

ती हिवाळ्यात गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी आटोपलं. तेरावं झालं, नातेवाईक आपापल्या गाड्यांनी परतले. दुपारी घरात मी आणि बाबा दोघंच उरलो. मागच्या खोलीत तिच्या दिवाणावर बसून ते तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते. कोणाला काय द्यायचं ते ठरवायचं होतं. घड्या त्यांना जमत नव्हत्या. मी दुसरं टोक धरलं.

"बाबा," मी म्हटलं, "थे ॲसिड टाकायले मी सांगतलं होतं. तिनं मले विचारलं, मी टाक म्हटलं."

त्यांनी साडीवरची नजर उचलली नाही. "मले मालूम हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. मी मागच्या ओट्यावर दाढी करून राहिलो होतो. तिनं विचारलं थे ऐकलं, तू सांगतलं थे बी ऐकलं. मले बी वाटलं, शिकलेली पोरगी सांगते तं बरोबरच असन. म्हणून उठलो नाही."

माझ्या हातातलं टोक सुटलं. ते त्यांनी वाकून उचललं.

"मंग सहा वर्षं तिलेच कावून बोलत राहिले तुमी?"

बाहेरच्या रस्त्यावरून कोचिंग क्लासची मुलं सायकलींवर आरडाओरडा करत गेली. "तुले म्हटलं असतं तं तू उलटून बोलली असती," ते म्हणाले. "थे बोलत नव्हती."

मला त्यांचा संताप आला. इतका, की ती साडी त्यांच्या हातातून हिसकून घ्यावीशी वाटली. पण मीही तर सहा वर्षं त्याच एका भरवशावर काढली होती, की ती बोलणार नाही. ज्या गोष्टीत तिला मान होता तीच आम्ही दोघांनी मिळून तिच्याकडून काढून घेतली होती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

आम्ही ती साडी पुन्हा घडी घालायला घेतली. अर्धी झाल्यावर बाबा थांबले.

"तुले तिनं कधी काही म्हटलं का?" त्यांनी विचारलं. "त्याच्यावरून?"

"नाही."

"मले बी नाही म्हटलं," ते म्हणाले.